क्लचवरची गादी

माझे ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच राहिले आणि अक्षर त्याच्याही मागे, तेव्हा वाचणाऱ्याने माफ करावे. मोटार मोडणे मात्र मला न शिकताच जमले.

आमचे हे यवतमाळला कचेरीत कारकून. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा साहेब गाव सोडून जाताना त्याची जुनी, बिनटपाची, शर्यतीची मोटार ह्यांनी घेतली. बसायला जागा दोनच. (घरात माणसे सात!)

आर्णीला माझे बाबा पोट धरून हसले. "जावाईबुवा, हे खेळनं आपल्या पायानं आर्णीले आलं, तर म्या गावभर पेढे वाटीन!"

झाले! माझ्या भावाच्या लग्नाला मोटारीनेच जायचे ठरले.

ह्यांचा डावा पाय क्लचपर्यंत पुरेना. मी चिंध्या भरून चार बोटे जाड गादी शिवली आणि पेडलला बांधून दिली. "वा! पाय कसा मस्त टेकते!" हे म्हणाले. सहा महिने तो पाय तिथून हलला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी निघालो. सपाटीलाच इंजिन डरकाळ्या फोडू लागले, पण मोटार आपली बैलाच्या चालीने! माझ्या शिलाई मशीनचा पट्टा झिजला की चाक गरगर फिरते आणि सुई जागच्या जागी, अगदी तसेच. पण मी लाजरी. गप्प बसले.

थोड्या वेळाने हे म्हणाले, "क्लच पार वरतं आला की मंगच गाडी हालून राह्यली."

मग जळका वास आला.

"अहो, मी चुलीवर डाळ तं नाही विसरली?"

"डाळीचा वास धा मैल येते का वो?"

चढावर मोटार ओरडत उभी राहिली. मागून पत्रावळी भरलेली बैलगाडी आली. हाकणारे कोण? बाबा!

"दोरी देऊ का, जावाईबुवा?"

आर्णीत आम्ही बैलांमागून शिरलो. हे चाक धरून ताठ बसलेले, मी पदरात तोंड लपवलेले.

रहीमभाई मिस्त्रींनी गाडी उघडली. "क्लच प्लेट साफ झिजली. पाय सदा दाबूनच ठेवत होते का?" मग त्यांना गादी दिसली. "हे कोणं शिवली?"

माझी मान खाली गेली. ती बघूनच सगळ्यांना कळले.

खर्च सत्तर रुपये. बाबांनी खिशात हात घातला. "सासऱ्याचा पैसा नाही घेनार!" हे गरजले आणि स्वतःचा रिकामा खिसा चाचपू लागले. शेवटी मीच पुटपुटले, "भाऊ, म्या शिवून फेडीन."

"फेड बहेन. ट्रकच्या सीटा लय फाटतात."

वर्षभर मी रहीमभाईंसाठी सीटची कव्हरे शिवली. शेवटी चार रुपये उरले तेव्हा ते म्हणाले, "आता कव्हर नको. तशा चार गाद्या शिवून दे."

"कायले भाऊ?"

"गिऱ्हाईकाले फुकट वाटतो. सहा महिन्यांत समदे माह्याच दारात!"

मी शिवल्या. अशा रीतीने आमचे सगळे पैसे फिटले, आणि आर्णीतल्या आणखी चार मोटारी माझ्या हातून गेल्या.