नक्कल करा म्हणणारे भाई

‘सर्व हक्क लेखकाधीन. लेखी परवानगीशिवाय नक्कल करू नये.’ ही दोन वाक्यं मी मोठ्या प्रेमानं लिहिली आणि औरंगपुऱ्यातल्या एका भल्या माणसाला पहिल्यांदाच माझ्यावर चिडायला लावलं.

मी आमच्या वाचनालयाचा सेक्रेटरी. म्हणजे खुर्च्या मांडणारा, आणि वर्षाला एक स्मरणिका काढणारा. तिच्या पहिल्या पानावर हीच दोन वाक्यं मी पंधरा वर्षं छापत आलोय. तिची नक्कल करावी असं अजून कुणाला वाटलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

तो भला माणूस म्हणजे भाई. त्यांचं तिथल्या बोळात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. अशा दुकानात तुम्हीही गेला असाल. मशीन ठेवायचं, ‘कधी येऊ?’ विचारायचं, निघायचं. भाईंकडे ते जमत नसे. ते स्टूल पुढं सरकवत.

“बसा. खोलतो, बघून घ्या.”

“भाई, मला काय कळतंय त्यातलं?”

“म्हणून तर बघा म्हणायलोय.”

घाईतला माणूसही मग पंधरा मिनिटं आतल्या पंख्यावरची धूळ बघत बसे. ‘सील तोडू नये’ असं स्टिकर दिसलं की भाई ते नखानं सोलत आणि पुटपुटत, “विकली ना वस्तू? मग अजून मालक कसे काय हे?”

वाचनालयातल्या पुस्तकांच्या देवघेवीचा कॉम्प्युटर प्रोग्राम त्यांनीच लिहिला, मराठी आणि उर्दू दोन्हीसाठी. मागेल त्याला देत. एकच अट. “घ्या, बघा, बदला, पुढं द्या. पण पुढं देताना बंद करून द्यायचं नाय, आतलं सगळ्यांना दिसलं पाहिजे.”

फुलंब्रीच्या वाचनालयातल्या गुरुजींनी त्यात ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ची पुस्तकं यादीत जागच्या जागी आणली. चितेगावच्या कारखान्यात नोकरी करणारी एक ताई रविवारी आमच्याकडे वाचायला येते. मुदत संपली की वाचकाच्या मोबाईलवर आठवण जाईल, अशी सोय तिनं केली. मला त्यातलं काही येत नाही, म्हणून पहिल्या पडद्यावरचा मराठी मजकूर माझ्याकडे आला. ती दोन वाक्यं तिथंच घुसली, खाली लेखक म्हणून भाईंचं नाव. भाईंनी विश्वासानं, न वाचताच, नवी प्रत सगळ्यांना पाठवली.

चौथ्या दिवशी गुरुजींचा फोन. “भाई, आमच्या हातचं काम पण तुमच्या एकट्याचं झालं व्हय? आम्ही तो प्रोग्रामच काढून टाकला बघा कॉम्प्युटरवरनं.”

भाईंनी मला बोलावलं. पडद्यावर बोट ठेवून ओळ वाचली, चष्मा काढला. “सेक्रेटरीसाहेब, ये क्या लगाया आपने? सात वर्षं झाली, गुरुजींनी मला कधी असं विचारलं नव्हतं.”

“अहो, तुमच्या मेहनतीचा मान राखला मी!”

त्याच वेळी दुकानात एका सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस आला. त्याला सगळा प्रोग्राम विकत हवा होता. “हक्क तुमचेच आहेत, इथं लिहिलंयच की,” तो माझ्याच ओळीकडे बोट करून म्हणाला. “एक सही करा, झालं.”

मी भाईंना कोपरानं ढोसलं. “करा की. स्वतःचं विकायला लाज कसली? कंपनीत काम करणाऱ्यांनाही पोट आहेच.”

“आहे ना. माझं असतं तर विकलं असतं. पण ‘क्ष’ गुरुजींचा, आठवण ताईची. मी कुणाकुणाचं विकू?” मग पाहुण्याकडे वळून, “तुम्ही पण न्या. दुरुस्तीचे पैसे घ्या लोकांकडून, माझी ना नाय. फक्त बंद करू नका.”

पाहुणा हसला. “आणि उद्या तुम्ही नसलात, हे बिघडलं, तर लोकांनी कुणाला धरायचं?”

प्रश्न भाईंना लागला होता. खरं सांगायचं तर मलाही तो बरोबर वाटला होता.

रविवारी त्यांनी मला स्कूटरवर मागं बसवून फुलंब्रीला नेलं. गुरुजींसमोर उभं करून माझ्याकडून नवी ओळ मोठ्यानं वाचून घेतली. “हा प्रोग्राम आम्हा सगळ्यांचा आहे. नक्कल करा.”

गुरुजींनी ओळ पुन्हा एकदा पुटपुटून बघितली. मग म्हणाले, “‘जरूर’ घाला. नक्कल जरूर करा.”

घातला. चहा आला. काढलेला प्रोग्राम परत मशीनवर चढला, तेव्हा भाई शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत होते. फार वेळ पुसत होते.

मागच्या वर्षी भाई मुलीकडे हैदराबादला राहायला गेले. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मध्यंतरी आमचा प्रोग्राम अडला. मला तो कंपनीचा पाहुणा आठवला. पण ताईनं रविवारी बसून बिघाड शोधून दुरुस्त केला, गुरुजींनी ती दुरुस्ती फुलंब्रीत तपासून दिली, आणि आम्ही कुणी न पाहिलेल्या नांदेडच्या एका बाईंनी म्हाताऱ्या वाचकांसाठी अक्षरं मोठी करून पाठवली.

संध्याकाळी हे मी बायकोला रंगवून सांगितलं. ती मेथी निवडत होती.

“म्हणजे वर्षभरात भाईंना एकदाही फोन करावा लागला नाही?”

“एकदाही नाही!” मी अभिमानानं म्हणालो, जणू प्रोग्राम मीच लिहिला होता.

“तुम्ही दोन दिवस रजा घेतली तर अमुक फाईल कुठंय म्हणून ऑफिसातनं आठ फोन येतात,” ती म्हणाली. मग जुडीचं शेवटचं पान खुडून ताटात टाकलं.

“वर्ष झालं हो त्या माणसाला हैदराबादला जाऊन. उद्या करा एक फोन. बिनकामाचा.”