मलिदा कशाचा?

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची ती दुपार अजून आठवते, आणि आठवली की आधी वेलदोड्याचा वास येतो.

तिकडे पश्चिम आशियात युद्ध पेटलं होतं. सोलापुरातही बंदोबस्त वाढवला होता. अशात खबऱ्यानं टीप दिली, "सायेब, कालिजातली दोन पोरं हायत. एक आपल्या विजापूर वेशीतला मुसलमान, दुसरा अलिबागकडचा ज्यू. आज सांजच्याला कालिजाच्या हॉलवर पोरं जमवणार. फोनवर म्हणत व्हते, मलिदा येतोय, सगळ्यांना वाटू."

पोलिसाच्या कानाला मलिदा म्हणजे खाल्लेला पैसा. मी दोघांना ठाण्यात आणलं, वेगवेगळं बसवलं. प्रश्न एकच, मलिदा कशाचा?

अलिबागकर म्हणाला, "पोह्यांचा. गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा."

दुसरा म्हणाला, "चपातीचा, साहेब. चुरून, तूप-गूळ घालून."

जबाबात तफावत! मी खूश. दोघांना समोरासमोर बसवलं.

"पोव्याका मलिदा कबी होता क्या रे?" वेशीतला मित्रावरच उखडला. "कधीपासून सांगतोय याला, साहेब!"

"आमच्यात पोह्यांचाच असतो. एलियाहू नबीच्या नावानं करतात," अलिबागकर म्हणाला.

हवालदारानं त्यांच्या पिशवीतले डबे उघडले. दोघांचंही खरं होतं. बेत एवढाच होता: युद्धात दोन्हीकडचे गेले, त्यांच्यासाठी सगळ्यांनी एकत्र बसायचं, बोलायचं, मग दोन्ही मलिदे वाटायचे. "तिकडं बोलणंच थांबलंय, साहेब. हितं तरी बोलू की," वेशीतला म्हणाला.

हवालदारानं चिमूटभर तोंडात टाकला. "सायेब, नोकरीत पयल्यांदाच सरळ मलिदा खातोय."

सगळे हसलो. तरीही मी अलिबागकराला जायला सांगितलं आणि दुसऱ्याला फोन तपासेपर्यंत थांबवलं. का, ते मला ठाऊक होतं. त्यालाही.

अलिबागकर उठलाच नाही. "दोघं आलो, दोघं जाऊ." दिवे लागेपर्यंत बाकावर बसून दोघं पोहे की चपाती यावरच भांडत होते. फोनमध्ये काही निघालं नाही. तोवर, पोलीस येऊन गेले म्हणून, प्राचार्यांनी हॉलला कुलूप लावलं होतं. ती बैठक कधी झालीच नाही.

गावात मात्र बोललं गेलं की पोरांनी बाहेरचा मलिदा खाल्ला. माझ्या एका वाक्यानं ते मिटलं असतं. मी गप्प राहिलो. आज बोलतो.

दोन उत्तरं वेगळी आली की एक खोटं समजावं, असं मी नव्या शिपायांना शिकवत आलो. त्या दिवशी एका डब्यात पोहे होते, एका डब्यात चपाती. दोन्ही जबाब खरे होते.