टाकीत हसलो त्याची गोष्ट

झाडीपट्टीच्या नाटकांत मी खलनायक करतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, तिथे लोक माझे संवाद विसरतात, पण हसणं विसरत नाहीत. पहिल्या रांगेतलं एखादं पोर रडायला लागलं की मला बिदागी मिळाल्यासारखं वाटायचं. गेल्या हंगामात सडक अर्जुनीजवळच्या एका गावात नायिकेला कोंडून मी छाती फुगवली, आणि गडगडाटाऐवजी कोंबडीच्या पिल्लासारखं काहीतरी बाहेर पडलं. अख्खा मंडप खदखदला. नायिकासुद्धा. डॉक्टर म्हणाले, घशात आता तेवढा जोर यायचा नाही. मग यंदा कंपनीच्या मालकाने गोंदियाला भेटायला बोलावलं, तेव्हाच ओळखलं की माझी भूमिका दुसऱ्याला देऊन राहिले.

मालक दुपारनंतर भेटणार होता. तोवर मन रमावं म्हणून बायको मला शहराच्या जुन्या पाणीटाकीत घेऊन गेली. आता तिथे संग्रहालय आहे.

पायऱ्या उतरलो आणि माझी बडबड थांबली. ती एरवी बायकोलाही थांबवता येत नाही. जमिनीखाली दगडी खांब, खांबांवर विटांच्या कमानी, कमानींमागे पुन्हा कमानी, पार अंधारापर्यंत. भिंतीवर पाण्याच्या जुन्या रेघा होत्या, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. मी उभा होतो तिथे कधीकाळी सगळ्या शहराचं पाणी उभं होतं. चहाचं, आंघोळीचं, बाळंतिणीच्या शेकाचं. छताच्या झरोक्यातून ऊन सरळ खाली उतरलं होतं, आणखी एक खांब असावा तसं. मी नकळत चपला काढल्या.

"काऊन जी, गप्प झाले?" बायको पुटपुटली. ते पुटपुटणं कमानींत शिरलं, दूर गेलं, आणि दुसऱ्याच कुण्या बाईने विचारावं तसं परत आलं.

मला खोडी सुचली. घसा जपत, ओठांतल्या ओठांत हसलो.

आधी काहीच नाही. मग एकेका कमानीमागून ते हसू यायला लागलं. थंड, सावकाश, आम्हाला फार दिवसांपासून ओळखत असल्यासारखं. माझ्याच हसण्याने माझ्या अंगावर काटा आला.

पहारेकरी धावत आला. "उधर पीछे कौन है?"

"मीच हसलो, दादा."

"आप तो सामने खड़े हो. मैं पीछेवाले का पूछ रहा हूँ."

बायकोने खांब धरला होता. "इतके वर्स बोंबलून राहिले तुम्ही," ती म्हणाली, "मले कधी भेव नाही वाटला. आज वाटला."

दुपारनंतर मालकाकडे गेलो. त्याने चहा मागवला, घशाची चौकशी केली, खिडकीबाहेर पाहिलं. मी टेबलावर वाकलो आणि तस्साच हसलो, हळू, त्याच्या डोळ्यांत बघत. तिथे ना कमान होती ना खांब. तरी त्याचा कप तोंडाशी जाता जाता थांबला.

त्याने कप बशीत परत ठेवला.

"माईक जवळ घ्या लागल तुमाले," तो म्हणाला.