तिच्या अडुळशाचे स्फटिक

दोन हजार तीन साली पेपरांत रोज सार्सची साथ असायची आणि नाशिकच्या आमच्या फार्मसी कॉलेजात मी एकट्याने जग वाचवायला घेतलं होतं. ज्येष्ठमधाने. त्याच्या मुळीतलं काहीतरी सार्सच्या, म्हणजे कोरोना जातीच्या, विषाणूला अडवत असावं, असं कुठेसं छापून आलं होतं. ते वाचून मी काष्ठौषधीच्या दुकानातून इतका ज्येष्ठमध उचलला, की दुकानदाराने विचारलं, घरात भजनी मंडळ आहे का.

शेजारच्या टेबलावर माझ्याहून एक वर्ष मागे असलेली, पेठ तालुक्याकडची मुलगी होती. तिचा विषय अडुळसा. तिचे वडील कुंपणाच्या अडुळशाची पानं सावलीत वाळवून पोतं एसटीच्या टपावर टाकून द्यायचे. त्यांच्याकडे खोकल्याला अडुळसाच देतात. त्यातला नेमका कुठला अंश विषाणूवर काही करतो का, की नुसता खोकलाच थांबतो, एवढंच तिला बघायचं होतं. फुकटचा पाला आणि असा साधा, सरळ प्रश्न! मला हा प्रश्न आधी का सुचला नाही, या विचाराने मी दोन दिवस जेवलो नाही. म्हणजे, रात्रीचं जेवलो नाही.

सार्सचा विषाणू आम्हाला कोण देणार? पण आम्हाला शिकवणाऱ्या सरांचे एक पशुवैद्य मित्र पुण्यात होते. कोंबड्यांना सर्दी करणारा, त्याच गोतावळ्यातला विषाणू त्यांच्याकडे होता आणि उबवणीच्या अंड्यात त्याच्यावर औषध लावून बघायला ते तयार होते. मात्र नमुना एकच आणि तोही शुद्ध, म्हणजे स्फटिक झालेला. सरांनी जाहीर केलं, ज्याचे स्फटिक आधी, त्याची बाटली पुण्याला.

आता ज्येष्ठमधाचा स्वभाव असा, की हलवला की फेसाळतो. माझा फेस चंबूतून टेबलावर, टेबलावरून फरशीवर आला. आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर द्वारका चौकातलं ट्रॅफिक अडलं असतं. खाली उरायची ती काकवी. त्या मुलीचा द्राव मात्र कोऱ्या चहासारखा नितळ. तिच्या नळ्या गळत नसत, तिचं अक्षर गोल, तिचा रुमालसुद्धा स्वच्छ. सर माझ्या टेबलाशी आले की घड्याळ बघत, तिच्या टेबलाशी गेले की चष्मा पुसून वाकत.

एका दुपारी तिने चंबू बर्फात ठेवला, त्याला ‘हलवू नये’ अशी चिठ्ठी लावली आणि डबा खायला गेली. इथून पुढचं मी आजवर तिखटमीठ लावूनच सांगत आलोय, पण आज खरं सांगतो. मी काचेची काडी घेतली आणि वरण घोटावं तसा तो द्राव घोटला. काडी काचेवर खसाखसा घासली. स्फटिकांना शांतता लागते, हे मला पाठ होतं. ती मोडली की हिचीही काकवी होणार. अडून बसलेल्या द्रावात काच खरवडली की स्फटिक धरतात, हेही पुस्तकात होतं. पण मी त्याच्या अलीकडच्या पानावर झोपलो होतो.

वडापाव खाऊन आलो तर चंबूभोवती अख्खी लॅब. आत पांढऱ्या सुयाच सुया, हिवाळ्यात गवतावर दहिवर गोठावं तशा. सरांनी विचारलं, काच कोणी खरवडली?

ती म्हणाली, “दादांनी, सर. मी दारातून बघितलं. मला वाटलं, बिघडवतात की काय.”

सर माझ्याकडे वळले. मी वडापावचा कागद खिशात कोंबला.

“अडलं होतं तिचं,” मी म्हणालो. “म्हटलं, आपल्याच माणसाचं काम आहे.”

सरांनी माझी पाठ थोपटली आणि बाटलीवर दोघांचं नाव घालायला सांगितलं. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, मग लेबल लिहिलं. वर तिचं नाव, खाली माझं. खालची अक्षरं बारीक होती. मी पट्टी लावून बघितली.

पुण्याचं पत्र यायला महिना लागला. थोड्या मात्रेत विषाणूला काहीच झालं नव्हतं. मात्रा वाढवली तेव्हा अंड्यातलं पिल्लूच मेलं. लेबल लिहिलं त्या दिवसापासूनची माझ्या पोटातली कळ पहिल्यांदा थांबली. चेहरा मात्र मी असा केला, की शिपाई मला पाणी घेऊन आला.

तिने पत्र दोनदा वाचलं, घडी घालून वहीत ठेवलं आणि म्हणाली, मधल्या मात्रा राहिल्यात, त्या बघायला हव्यात. लगेच खाली जाऊन एसटीडी बूथवरून वडिलांना आणखी एका पोत्याचा निरोपही दिला. तिच्या जागी मी असतो तर आठ दिवस गोदावरीच्या घाटावर तोंड पाडून बसलो असतो. हरणंसुद्धा या बाईला शोभत होतं. कळ पुन्हा सुरू झाली, पहिल्यापेक्षा जोरात.

पोतं आलं त्या दिवशी तिने माझ्यापुढे वर्तमानपत्र अंथरलं.

“दादा, पानं निवडू लागा,” ती म्हणाली. “पण चंबूला हात नाय लावायचा.”

मी मांडी घातली आणि देठ खुडायला लागलो.