मुसळावरची पगडी

नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, पण सांगायचंय त्यांच्याबद्दलच, म्हणून एकदा घेते. कान्होजी पगडीवाले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, माधवगंजला कुणालाही विचारलं असतंत तरी घर दाखवलं असतं. ग्वाल्हेर तेव्हा संस्थान होतं, पगडीशिवाय दरबारात पाऊल टाकायची सोय नव्हती. सरदार तात्यासाहेबांची दसऱ्याची पगडी हेच बांधत. चौदा वर्षं बांधली, त्याआधी मामंजी बांधत होते.

बांधायची म्हणजे मांडी घालून बसायचं, डोक्याच्या आकाराचा लाकडी ठोकळा मांडीवर घ्यायचा आणि चंदेरी कापडाला पीळ देत त्यावर पेच, म्हणजे वेढे, चढवायचे. सकाळी बसले की जेवायलाच उठायचे. त्या वर्षी श्रावणात ठोकळा उचलायला वाकले आणि तसेच राहिले. कमरेतून कळ निघायची ती थेट डाव्या टाचेपर्यंत. शिंक आली तरी डोळ्यांत पाणी. पुढे पुष्कळ वर्षांनी डॉक्टर म्हणाले, मणक्यांमधली गादी सरकलेली आहे. तेव्हा सगळे म्हणायचे, उसण भरलीय, जाईल.

कुठली जातेय! निर्गुडीचा शेक झाला, एरंडेल झालं. मग शेजारचे शिवाजीराव आले. ते पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेले. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण पळते, असं आमच्यात मानतात. शिवाजीरावांनी लावला नाही, हाणला. आठ दिवस ह्यांना कूस बदलता आली नाही. त्यानंतर शिवाजीराव पलीकडच्या गल्लीने जाऊ लागले. बरंच केलं, माझ्या तावडीत सापडले असते तर त्यांची धडगत नव्हती.

महिन्याभराने हे भिंतीला धरून उभे राहू लागले, थोडं चालूही लागले. बसणं मात्र जमेना. टेकले की लगेच पाय मुंग्यांनी भरायचा. आणि बसल्याशिवाय पगडी कशी बांधणार? अशात तात्यासाहेबांचे कारभारी जयसिंहराव आले. बोलायला मोठे गोड. म्हणाले, कान्होजींनी आता आराम करावा, यंदाची पगडी हजीरा भागातल्या दौलतसिंहाकडे देऊ. ते गेल्यावर ह्यांनी ठोकळ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "ठोकळा माळ्यावर टाकून दे."

माझं डोकंच फिरलं. मला रडू यायला लागलं की राग येतो, काय करणार, तऱ्हाच तशी. ठोकळा उचलला खरा, पण कुठे आदळावा ते कळेना. समोर जमिनीत पुरलेल्या उखळात मुसळ उभं होतं, त्याच्यावर दिला दणकन. ठोकळ्याच्या तळाला खोबण होती, ती मुसळाच्या टोकावर गच्च बसली. ह्यांच्या छातीइतक्या उंचीवर लाकडी डोकं डुलायला लागलं.

"बसता येत नाही ना? मग उभ्याने बांधा," मी म्हटलं.

ह्यांनी भिंत धरून येऊन ठोकळा हलवून पाहिला. मग म्हणाले, "हलतंय. उखळात चिंध्या कोंब."

मी कोंबल्या. झालं, दुसऱ्या दिवसापासून घरातलं कांडण बंद. तासभर उभं राहून बांधायचं, तासभर फळीवर उताणं पडायचं, असा क्रम सुरू झाला. सुरुवातीला पेच सुटायचे, शिव्याही सुटायच्या. पाचव्या दिवशी एक पगडी पुरी झाली. हे चार पावलं मागे गेले आणि समोरून पाहू लागले.

"अगं," म्हणाले, "चौदा वर्षं मी ही मागे कलती बांधत आलो."

खरंच होतं. मांडीवरची पगडी वरून दिसते. डोक्यावरची लोकांना समोरून दिसते. तात्यासाहेब चारचौघांत सारखी पगडी पुढे ओढत, सगळे ती त्यांची खोड समजत. खोड कसली, चूक आमच्या घरची होती. ती पगडी उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी तयार पगडी घेऊन हे चालत गेले. जयसिंहरावांना मुसळाची गोष्ट आधीच कळली होती. ते हसले, पण पगडी ठेवून घेतली. म्हणाले, "मिरवणुकीत साहेबांचा हात एकदा जरी पगडीला लागला, तर पुढच्या वर्षापासून दौलतसिंह."

दसऱ्याला आम्ही बाड्याच्या, म्हणजे मधल्या मोठ्या चौकाच्या, कोपऱ्यावर उभे होतो. हत्ती गेले, तोफा गेल्या, मी काही पाहिलं नाही. माझा जीव त्या एका हातात अडकला होता. तात्यासाहेब घोड्यावर आले. घोडा दोनदा बिथरला, तरी हात लगामावरच. पगडी जागची हलली नाही. अगदी आमच्यासमोर आले आणि हात वर गेला!

हात पगडीला लागला नाही. कपाळाशी थांबला. भर गर्दीत, घोड्यावरून, तात्यासाहेबांनी ह्यांना रामराम केला.

ह्यांनी त्यानंतर बावीस वर्षं पगड्या बांधल्या, सगळ्या त्या मुसळावर. पाठ शेवटपर्यंत दुखली. मी कांडायला दुसरं उखळ-मुसळ आणलं. पण त्या दसऱ्याला, रामराम झाल्यावर हे वाकून मुजरा करायला निघाले, तेव्हा मी त्यांचा दंड घट्ट धरला होता.

"वाकू नका," म्हटलं, "उभेच राहा."

आणि ते राहिले.