अर्ध्या रोलवरचा वाघ

जिन्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "यंदा गणपतीत तुमच्या वाघांच्या स्लाइड्स ठेवू या का?" आणि मी म्हणालो, "ठेवा की." चूक एवढीच झाली, की माझ्याकडे वाघाची एकही स्लाइड नव्हती.

म्हणजे स्लाइड्स होत्या आणि त्या वाघांच्याच होत्या, फक्त त्यांत वाघ नव्हता. तीन वर्षं दर मे महिन्यात मी बायकोला घेऊन ताडोब्याच्या जंगलात जात होतो आणि दर वर्षी वाघ नुकताच येऊन गेलेला असे. मग मी त्याच्या पावलांच्या ठशांचे फोटो काढी. ठसा किती मोठा ते कळावं म्हणून शेजारी काडेपेटी ठेवायची असते. तशी ठेवून काढलेल्या स्लाइड्स मी घरी भिंतीवर पाडून दाखवल्या, तेव्हा बायको म्हणाली, "काडेपेटी अगदी हुबेहूब आलीय हो."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वाशीतली आमची इमारत नवी, माणसं नवी. कोणी कोकणातून आलेले, कोणी देशावरून, कोणी मुंबईतल्या दीड खोलीतून. एकमेकांची पुरती ओळख झालेली नव्हती, म्हणून प्रत्येकाला एकेक बिरुद मिळालं होतं. पेटीवाले, होमिओपथीवाले, तसा मी वाघवाले. बिरुद फुकट मिळालं होतं, मीही कधी नाही म्हणालो नव्हतो. आता गणपतीत सगळ्यांसमोर वाघ दाखवायचा होता, नाहीतर पुढची वीस-पंचवीस वर्षं याच जिन्यातून मान खाली घालून उतरायचं होतं.

सेक्रेटरी फार पुढचं बघणारे; गणपतीला अजून पाच-सहा महिने होते. त्याच आठवड्यात खालच्या फळ्यावर पाण्याच्या वेळेखाली खडूने लिहून आलं : 'गणेशोत्सव – जंगलातील वाघ, पडद्यावर.'

"काय दाखवणार आहात?" बायकोने विचारलं.

"मेमध्ये मिळेल की."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर काडेपेटी आहेच."

ती हसली नाही. तिला तिसऱ्या मजल्यावरून भाजीला रोज खाली उतरायचं असे.

इथे माझी एक सवय सांगायला हवी. स्लाइडचा रोल महाग आणि दुर्मिळ, त्यामुळे अर्धा वापरलेला रोल मी वाया जाऊ देत नसे. मध्येच दुसरा रोल घालायची वेळ आली, तर पहिला उलटा गुंडाळायचा, पण पुरता आत जाऊ द्यायचा नाही. त्याची जीभ, म्हणजे फिल्मचं टोक, बाहेर ठेवायची, किती फोटो झाले ते कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून डबीला चिकटवायचं. पुढच्या खेपेला तोच रोल घालून, भिंगावर झाकण ठेवून, तेवढ्या वेळा बटण दाबायचं की कोरा भाग पुढे येतो. ही युक्ती मी ऑफिसात चार जणांना शिकवली होती. माझा आदर्श पुढे ठेवल्यावर त्यांच्या घरी काय झालं, ते मी कधी विचारलं नाही.

त्या जानेवारीत आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं होतं. मी चौदा फोटो काढले, आणि मग मुलीच्या शाळेच्या फॉर्मसाठी कृष्णधवल रोल घालायचा म्हणून तो रोल अर्ध्यावर बाहेर काढला. तेव्हापासून इमारतीतल्या बायका विचारत होत्या, "आमचे फोटो कधी?" आणि मी सांगत होतो, "रोल संपला की." घरी कॅमेरा असलेल्या प्रत्येक माणसाने हे उत्तर दिलेलं आहे.

मे महिन्यात मुलीला मामाकडे सोडून आम्ही ताडोब्याला गेलो. पाणवठ्यावरच्या मचाणावर वनरक्षक, बायको आणि मी. दुपारची वेळ, पानं हलत नव्हती. पिशवीतून मी रोलची एक डबी काढली. नव्या रोलसारखीच जीभ बाहेर, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, म्हणजे नवा कोरा. कॅमेऱ्यात घातला आणि समोर वानर बसलं होतं, त्याचे तीन फोटो काढून टाकले.

वनरक्षक हळूच म्हणाला, "साहेब, सप्पा रोल वानरावर नका संपवू जी."

"वाघ येणार आहे का?"

"ते वाघाले ठाऊक."

बायकोने पदर तोंडाला लावला. मचाणावर हसायला बंदी होती, म्हणून ती खांद्यांनी हसत होती.

साडेचारच्या सुमाराला वानर एकदम झाडावर चढलं आणि खाकरल्यासारखं ओरडलं. वनरक्षकाने माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं. समोरच्या बांबूत काही हललं असं मला वाटलं नाही. बांबूच होता, आणि पुढच्या क्षणी त्या बांबूला डोळे होते.

"वाघीण हाये जी," तो कुजबुजला. "आता बसते पान्यात, पाहा."

ती आली ती आमच्याकडे न बघता. पाण्याशी येऊन वळली, आणि गुडघे दुखणारी बाई पाटावर बसते तशी मागे बघत बघत, आधी शेपटीकडची बाजू पाण्यात टेकत बसली. मग समाधानाने डोळे मिटले. तीन वर्षं मी मनात ठरवून ठेवलं होतं, की वाघ दिसला तर अमुक करायचं, तमुक करायचं. प्रत्यक्षात मी सगळं विसरून नुसतं बटण दाबलं. दोन फोटो काढल्यावर बायकोने कॅमेऱ्याचा पट्टा धरून मला जरा मागे ओढलं. मी मचाणाच्या कडेवरून इतका वाकलो होतो, की तिसरा फोटो पाणवठ्यातूनच काढला असता. आणखी पाच फोटो काढले. वाघीण निवांत भिजून निघून गेली.

परत येताना रेल्वेच्या डब्यात मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना दोन वेळा सगळं सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले.

रोल मी फोर्टमधल्या दुकानात धुवायला दिला. तयार स्लाइड्सचा डबा हातात आला तेव्हा गणपतीला पंधरा दिवस होते. खाडीपुलावरच्या बसमध्येच मी पहिली स्लाइड खिडकीच्या उजेडात धरली. वानर होतं. पण ते आमच्या दिवाणावर, तिळगुळाच्या ताटाशेजारी बसलं होतं.

बाकीच्या स्लाइड्स मी भराभर उजेडात धरल्या. चिठ्ठी उन्हाने सुटून गेली होती. कोरा समजून मी हळदीकुंकवाचाच रोल पुन्हा घातला होता आणि जंगल सगळं संक्रांतीवर उमटलं होतं. वाघिणीच्या सहा स्लाइड्समध्ये नुसता गोंधळ : साड्या, बांबू, पाणी, समई. सातवी मात्र स्वच्छ होती. त्यात माझी बायको उजव्या हाताने कुंकू लावत होती. समोर हिरवी पैठणी नेसून, हात जोडून सेक्रेटरींच्या सौभाग्यवती बसल्या होत्या. फक्त त्यांच्या चेहऱ्याच्या जागी वाघिणीचं तोंड होतं, आणि बायकोचं बोट बरोबर तिच्या कपाळावर टेकलं होतं.

घरी येऊन मी म्हणालो, "कार्यक्रम रद्द. मी आजारी आहे असं सांग."

बायकोने स्लाइड गॅलरीच्या उजेडात धरली, बराच वेळ बघितली. "काय झालंय तुम्हाला?"

"सेक्रेटरींच्या मिसेसचं मी काय केलंय ते बघ. ही स्लाइड दाखवली तर घर बदलावं लागेल. ठशांच्याच दाखवतो."

"बरं," ती म्हणाली. ती इतकी पटकन बरं म्हणाली, तिथेच मला कळायला हवं होतं.

गणपतीत तिसऱ्या दिवशी संध्याकाळी इमारतीसमोर पांढरी चादर बांधली. पहिल्या रांगेत सेक्रेटरी आणि त्यांच्या सौभाग्यवती. मी ठसे दाखवायला लागलो. पाचव्या ठशाला मागून कोणीतरी ओरडलं, "काका, हा काडेपेटीचा कारखाना आहे का?" आठव्याला पोरं उठून पळापळी खेळायला लागली. सेक्रेटरी माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघत होते. शेवटची स्लाइड म्हणून मी बटण दाबलं.

चादरीवर वाघीण आली. पैठणीसकट.

ती मी प्रोजेक्टरच्या ट्रेमध्ये ठेवलेली नव्हती. ट्रे भरताना माझ्या शेजारी कोण होतं, हे सांगायला नको. खाडीवरून वारा सुटला होता, चादर फुगत होती आणि वाघीण कुंकू लावून घेत सावकाश श्वास घेत होती. मी प्रोजेक्टरची वायर कुठे आहे ते शोधत होतो. ती काही सापडेना.

सेक्रेटरींच्या सौभाग्यवती खुर्चीतून उठल्या. चादरीपाशी गेल्या, पैठणीचा काठ निरखला. मग वळून म्हणाल्या, "अय्या, ही मीच की! चला, एक तरी फोटो बरा आलाय माझा. नाहीतर नेहमी माझे डोळे मिटलेले असतात."

"इथेही मिटलेलेच आहेत, वहिनी!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि मग जो हशा सुटला तो आवरेना. पोरं परत आली. बायका पुढे येऊन स्लाइडमध्ये मागे दिसणाऱ्या आपापल्या साड्या ओळखायला लागल्या. सेक्रेटरींनी माईक घेऊन गंभीरपणे सांगितलं, "फळ्यावर लिहिल्याप्रमाणे वाघ दाखवण्यात आला आहे." ती स्लाइड तीनदा परत लावावी लागली. शेवटी दिव्याच्या उष्णतेने ती वाकायला लागली, तेव्हा मी हात जोडले. वानराची स्लाइड मात्र मी अजून कोणाला दाखवलेली नाही. ते ज्या बाईंच्या मांडीला टेकून बसलंय, त्यांचा स्वभाव मला माहीत आहे.

रात्रीच्या आरतीनंतर आम्ही चादरीच्या घड्या घालत होतो. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. मी विचारलं, "मला न सांगता ठेवलीस कशी गं? भीती नाही वाटली?"

तिने माझ्या हातातलं टोक घेतलं, घडी पुरी केली आणि म्हणाली, "अहो, इतके मे महिने उन्हात वाट बघितल्यावर एकदाची ती आली. तिला काय कुंकू न लावता पाठवायचं?"