घड्याळ बापाच्या हातात

अग्निशमन केंद्रात सगळे त्यांना शिडीमास्तर म्हणत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ते स्वतः किती शिड्या चढले याचा हिशेब नाही, पण नवा जवान आला की त्याला पहिली शिडी हेच शिकवत आणि शिकवताना त्याचा उद्धारही यथासांग करत. पुढे लाकडाच्या वखारीला आग लागली आणि जळता जिना कोसळला. त्यात त्यांचा जोडीदार गेला, यांचा डावा गुडघा गेला. पायाला प्लास्टर असतानाही जोडीदाराच्या घरी बातमी सांगायला हेच गेले. दार उघडणाऱ्या वहिनींनी आधी यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं, नवरा कुठे आहे म्हणून. ती नजर नऊ वर्षांत पुसली गेली नव्हती. तेव्हापासून ते भांडारात होते. कमरेचे पट्टे, दोर, पाइप तपासायचे आणि संध्याकाळी मुकाट घरी यायचं.

त्यांची लेक कॉलेजात रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. एका जागी बसणं माहीत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. एका सोमवारी तिने जेवणाच्या टेबलावर एक कागद ठेवला आणि चक्क गप्प बसली, तेव्हाच शिडीमास्तरांना संशय आला. तो लोकसेवा शिष्यवृत्तीचा कागद होता. शिकून सरकारी सेवेत जाणाऱ्या मुलांची पुढची दोन वर्षांची फी आणि वसतिगृह त्यात मिळणार होतं, त्याबदल्यात पाच वर्षं सेवा करायची. कुणी पाणीपुरवठा निवडला होता, कुणी आरोग्य खातं. हिने अग्निशमन दल निवडलं होतं. निबंध लिहून झाला होता, मुलाखत झाली होती आणि घरी कुणाला पत्ता नव्हता. आता शारीरिक चाचणी उरली होती आणि पालकांची संमती. सही शुक्रवारी पाचच्या आत कॉलेजात पोचायला हवी होती.

शिडीमास्तरांनी कागद वाचला, घडी घालून तिच्यापुढे सरकवला आणि हात धुवायला उठले. सही करणार नाही, एवढंच म्हणाले.

पुढचे तीन दिवस घरात कुणी मोकळं बोललं नाही. भिंगरी आईकडूनही सही घेऊ शकत होती, कागदावर तसं स्पष्ट लिहिलं होतं. पण ती अडून बसली, बाबांचीच हवी. आई पोस्टात खिडकीवर बसायची, दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायची तिला सवय. गुरुवारी मात्र कपड्यांच्या घड्या घालता घालता ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही सतरा वर्षं त्या बंबावर चढून जात होतात. तेव्हा मला कुणी सहीला कागद दिला होता का?"

शिडीमास्तरांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला, पण त्यातली एक ओळही वाचली नाही.

शुक्रवारी सकाळी चाचणी त्यांच्याच केंद्राच्या मैदानावर होती. सरावाच्या मनोऱ्याला शिडी लावलेली. चौथ्या मजल्यापर्यंत चढायचं, प्रत्येक मजल्यावर पट्ट्याचा हूक शिडीच्या दांडीत अडकवायचा, सोडवायचा आणि पुढे जायचं. वेळ नव्वद सेकंद. पट्टे शिडीमास्तरांनीच आणून दिले होते. लेकीच्या वाट्याला येणारा पट्टा त्यांनी तीनदा तपासला.

मग ते परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्याला बाजूला घेऊन गेले. हा अधिकारी एकेकाळी त्यांच्याच शिव्या खाऊन तयार झालेला. एरवी ते त्याला अरेतुरे करत. आज "साहेब" म्हणाले, तेव्हाच तो सावध झाला. शिडीमास्तरांनी आयुष्यात कधी कुणाकडे शब्द टाकला नव्हता. तो त्यांनी आज टाकला. पोरीला नापास करा, एवढंच मागितलं.

अधिकाऱ्याने गळ्यातलं स्टॉपवॉच काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "मास्तर, तुमचा शब्द मला मोडवत नाही आणि पाळवतही नाही. घड्याळ तुम्ही धरा. तुम्ही सांगाल तो आकडा मी लिहीन."

भिंगरीचा नंबर सहावा होता. शिट्टी झाली आणि ती चढू लागली. शिडीमास्तरांना वाटलं होतं, ही धडपडत चढेल. पण तिची पावलं नेमकी पडत होती. पहिला मजला, हूक लागला, सुटला. दुसरा मजला. घड्याळात छत्तीस सेकंद झाले होते, म्हणजे चांगलीच वेळेत होती. तिसऱ्या मजल्यावर हूक अडकला.

तिने ओढून पाहिला. निघेना. पंचावन्न. साठ. अशा वेळी नवखा माणूस घाबरून हिसके देतो, हूक आणखी रुततो आणि त्याच्या पायातलं बळ जातं. शिडीमास्तरांनी हे शंभर वेळा पाहिलं होतं. आता खोटं बोलायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प उभं राहिलं तरी त्यांच्या मनासारखं होणार होतं. आणि तरी त्यांचे ओठ हलत होते. शेजारच्या अधिकाऱ्याला ते ऐकू आलं. "एक पायरी वर जा, पोरी. पट्टा सैल होऊ दे."

तिथवर त्यांचा आवाज पोचणं शक्यच नव्हतं. पण भिंगरी क्षणभर थांबली, मग एक पायरी वर चढली. पट्टा सैल पडला, हूक अलगद निघाला. अडुसष्ट. उरलेला मजला ती झपाझप चढली, वर हूक लावला आणि हात उंचावला. शिडीमास्तरांनी बटण दाबलं.

काट्यावर त्यांचा अंगठा होता. तो बाजूला करायला त्यांना वेळ लागला. अधिकारी पेन उघडून वाट बघत होता. नव्वदच्या वर काहीही सांगितलं असतं तरी कुणी तपासणार नव्हतं.

"एकोणनव्वद," शिडीमास्तरांनी होता तोच आकडा वाचला.

दुपारी जेवायच्या सुट्टीत ते लंगडत कॉलेजात गेले. भिंगरी कार्यालयाच्या बाकावर कागद घेऊन बसली होती, सहीची जागा अजून कोरी. त्यांनी सही केली. मग तिथेच, कारकुनाच्या खिडकीसमोर उभं राहून सकाळी कुणाकडे काय मागितलं होतं तेही तिला सांगून टाकलं. न सांगता चाललं असतं, पण त्यांना ते पोटात ठेववेना.

तिचा चेहरा उतरला. कागद खिडकीत देऊन ती एकटीच निघून गेली. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही आणि त्यांनीही मनधरणी केली नाही. चूक आपली आहे हे त्यांना कळत होतं.

रविवारी ती त्यांच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. हूक मुळात अडकलाच का, असं तिने विचारलं. आवाजात राग होताच. शिडीमास्तर उठले, तिला गॅलरीच्या गजांपाशी घेऊन गेले आणि हूक अडकवताना मनगट कसं वळवायचं ते दाखवू लागले. चौथ्यांदाही चुकलं तेव्हा त्यांनी तिला एक सणसणीत शिवी हासडली. स्वयंपाकघरातून आई बाहेर आली, दोघांकडे बघितलं आणि परत आत गेली.

निवड झाल्याचं पत्र तीन आठवड्यांनी आलं.